डाव्या चाकाच्या चकत्या

थोरली बहीण येईपर्यंत थांबायचं ठरलं होतं. धाकटा थांबला नाही.

सकाळी बायको शाळेला निघाली ती दुधाच्या गाडीतून. प्लास्टरमधला उजवा हात छातीशी धरून ती दूधवाल्याशेजारी अंग चोरून बसली. धाकट्यानं ते दारातून पाहिलं आणि चहा तसाच ठेवून तो शेडमध्ये गेला. ट्रक तिथेच होता. पुढचं तोंड टेकूच्या दोन लोखंडी घोड्यांवर उचललेलं, चाकं काढून भिंतीला टेकवलेली, हब सुटे करून फडक्यावर ठेवलेले. पुढचा अ‍ॅक्सल उघडा पडला होता आणि त्यातून काळं ग्रीस ठिबकत होतं.

हा चारही चाकं ओढणारा जुना ट्रक घरात ‘गेंडा’ या नावानं ओळखला जाई. बाबा वाहतूक खात्यात स्टोअरकीपर होते. खात्यानं तो लिलावात काढला तेव्हा त्यांनी घेतला. ते निवृत्त झाल्यावर धाकटा तो चालवू लागला. वरच्या वस्तीतून खालच्या गावात माल न्यायचा, खालून वर आणायचा. सकाळच्या पहिल्या खेपेला बायको बरोबर असायची, कारण ती शिकवायची ती शाळा खाली होती.

मागच्या महिन्यात अशाच एका खेपेला, उतारावरच्या मोरीपाशी, गेंडा हादरला. मोरीच्या तोंडाशी रस्त्यात एक लोखंडी पट्टी आडवी बसवलेली आहे. तिच्यावरून पुढची चाकं गेली, स्टिअरिंग फडफडलं आणि ट्रक डावीकडे डोंगराच्या बाजूच्या चरात जाऊन आपटला. उजवीकडे दरी होती. बायकोचं मनगट मोडलं, त्यावरच भागलं.

तेव्हापासून घरात एकच प्रश्न होता आणि तो कुणी तोंडानं विचारत नव्हतं. स्टिअरिंगनं त्याचे हात हिसडले, की त्याच्या हातांनी स्टिअरिंग? त्याला स्वतःलाही आठवत नव्हतं. हादरा आठवत होता, चर आठवत होता. मधलं काही नाही.

उत्तर असलंच तर डाव्या चाकाच्या सांध्यात होतं. अ‍ॅक्सलच्या टोकाला चाक ज्या खिळीवर वळतं तिला वर आणि खाली एकेक बेअरिंग असतं. बेअरिंगवर टोपी, आणि टोपीखाली पत्र्याच्या पातळ चकत्या. चकत्या कमी तर बेअरिंग आवळलेलं, जास्त तर ढिलं. ढिलं असेल तर नेमक्या वेगाला एखादा धक्का बसताच चाकं पिसाटल्यासारखी डावीउजवीकडे नाचू लागतात. हा सांधा याआधी एकदाच उघडला गेला होता, आणि तो बाबांनी स्वतः उघडला होता. चकत्या त्यांनीच मोजून बसवल्या होत्या. म्हणजे हात एक तर बापाचा चुकला होता, नाही तर लेकाचा.

धाकट्यानं पाना लावला आणि टोप्यांचे बोल्ट सोडले.

निष्काळजीपणा त्यानं केला नाही. बायकोच्या पर्समधून घेतलेल्या खडूनं त्यानं बाकावर चार चौकोन काढले. डावा वरचा, डावा खालचा, उजवा वरचा, उजवा खालचा. ज्या टोपीखालच्या चकत्या तिच्याच चौकोनात ठेवल्या. ठेवताना बोटांनी चाचपून पाहिल्या. डावीकडच्या जाड वाटल्या. मग उजवीकडच्या चाचपल्या, त्याही जाड वाटल्या.

थोरली आली तेव्हा तो शेडच्या दारापासून बाकापर्यंत येरझारा घालत होता. तिचं स्वतःचं गॅरेज होतं, आणि दुसऱ्याच्या गाडीला हात लावायच्या आधी ती गाडीभोवती एक फेरी मारून बघत असे. तिनं फेरी मारली. बाकाजवळ थांबली.

“हे कुणी उघडलं?”

“मीच. नीट ठेवलंय सगळं. बघ की, चौकोन काढलेत.”

“रांगोळी छान आलीय,” ती म्हणाली. “उघडायच्या आधी काय करायचं असतं?”

त्यानं बाकावरचा पाना उचलून परत ठेवला.

“ताणकाटा लावायचा असतो. चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाला हूक अडकवायचा, ओढायचं, आणि किती जोर लावल्यावर सांधा हलतो ते काट्यावर वाचायचं. ढिला असला की करंगळीनंसुद्धा हलतो. तेवढं केलं असतंस तर आत्ता उत्तर हातात होतं. मी येईस्तोवर दम धरवला नाही? कुणाचं लग्न लागायचं होतं?”

“मग आता?”

“आता जुनं बेअरिंग, जुन्या चकत्या, जशाच्या तशा परत बसवायच्या, ओढून बघायचं आणि परत खोलायचं. एका कामाची तीन कामं.” तिनं बाह्या वर सारल्या. “चकत्यांना आता कुणी हात लावायचा नाही. तू तर मुळीच नाही.”

मग तिनं बाकीचं पाहायला घेतलं, आणि धाकटा तिच्या खांद्यावरून डोकावत राहिला. बेअरिंगच्या वाट्यांवर खड्डे पडले होते, पण दोन्ही बाजूंना सारखेच. दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडचा एक गोळा झिजला होता, थोडासा. स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश तर पार भुसा झाले होते. बोट लावलं की गळत होते.

“हे बघ ताई, हा गोळा हलतोय.”

“हलतोय. तुझ्यापेक्षा कमी.”

“पण एवढ्यानं ट्रक हादरेल ना?”

“एकट्या यानं नाही हादरणार. हा, बुश, सांध्यातला ढिलेपणा, सगळं मिळून आलं तर हादरेल. अरे, उजेड तरी सोड.”

तो बाजूला झाला आणि लगेच दुसऱ्या बाजूनं वाकला. प्रत्येक भाग तिच्या हातात आला की तो तिच्या चेहऱ्याकडे बघायचा. निकाल लागायच्या दिवशी पोरं मास्तरांच्या तोंडाकडे बघतात तसा. एखादी गोष्ट धडधाकट निघाली की त्याचा चेहरा पडे. स्वतःच्या ट्रकमध्ये काहीतरी मोडकं निघावं म्हणून जीव टांगणीला लावून बसलेला मालक तिनं याआधी पाहिला नव्हता. 

नवे बुश दाबयंत्रावरच बसतात, आणि ते तिच्या गॅरेजात होतं; चकत्या परत आल्यावर बसवून बघायचं ठरलं. दोघांनी पाटे उतरवले, तिच्या गाडीत टाकले आणि घेऊन गेले. जाताना तिनं शेडचं दार लोटून घेतलं. कुलूप कुणाला सुचलं नाही. घरात बाबांशिवाय होतं कोण?

परत आले तेव्हा शेडला रॉकेलचा आणि साबणाचा वास येत होता.

बाकाचं लाकूड धुऊन पुसून लख्ख केलेलं होतं. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत टांगलेले. बोल्ट लांबीप्रमाणे उभे केलेले. आणि मधोमध स्वच्छ कापडावर सगळ्या चकत्या एका रांगेत, सर्वांत पातळ डावीकडे, सर्वांत जाड उजवीकडे, नाण्यांसारख्या चमकत होत्या. बाबा शेवटची चकती बारीक पॉलिश कागदानं घासत होते.

“पसारा किती रे करता,” ते म्हणाले. “यातली एक जरी खाली पडली असती तर शोधत बसला असतात. आता बघा. हवी ती जाडी, हात घातला की मिळेल.”

थोरली बाकाजवळ गेली. खडूच्या चौकोनांचा मागमूस नव्हता. तिनं एक चकती उचलून उजेडात धरली, उलटी केली, परत ठेवली.

“बाबा, या चार ठिकाणी होत्या.”

“होत्या ना. आता एका ठिकाणी आहेत.”

“कुठल्या ठिकाणच्या कुठल्या, ते आठवतंय?”

बाबांनी चष्मा वर केला. मग त्यांनी लेकाकडे पाहिलं आणि त्यांना उमगलं. हातातली चकती त्यांनी रांगेत तिच्या जागी, तिच्या जाडीप्रमाणेच, ठेवली. सवयीचा हात तिथेही चुकला नाही.

“मुद्दाम केलंत,” धाकटा म्हणाला.

“काय?”

“डावी बाजू तुम्ही बसवलेली होती. ढिली निघाली असती तर तुमच्यावर आलं असतं. म्हणून पुसून टाकलंत सगळं.”

“तोंड सांभाळून बोल.”

“घासायचं काय कारण होतं? धुतल्या, ठीक आहे. घासल्या कशाला?”

“गंजलेल्या होत्या!” बाबांचा आवाज चढला. “आयुष्यभर दुसरं काय केलं मी? आलेला माल पुसायचा, मापानं लावायचा. माझ्या रॅकमधून अंधारातसुद्धा वस्तू काढून देत होतो लोकांना. तू ड्रायव्हर. तुझं काम रस्त्याकडे बघण्याचं. ते केलं असतंस तर...”

वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. पण एवढं पुरेसं होतं. महिनाभर जे कुणी बोललं नव्हतं ते बोलून झालं होतं.

“केलं असतं तर काय? म्हणा ना.”

“बस करा दोघं,” थोरली म्हणाली. “गंजाच्या खुणांवरून जुळवता आल्या असत्या, त्याही राहिल्या नाहीत. आता देव जरी खाली उतरला तरी कुठली कुठली ते सांगू शकणार नाही.”

धाकटा शेडबाहेर गेला, विहिरीपर्यंत जाऊन परत आला, पुन्हा गेला. तो परत आला तेव्हा बाबा उपड्या बादलीवर बसले होते.

“माझ्याच हातून ढिली राहिली होती असं धर,” ते म्हणाले. आवाज उतरला होता. “धर आणि सोडून दे.”

“धरून काय करू बाबा? धरल्यानं झोप येते का?”

बायको शाळेतून आली ती थेट शेडमध्येच. डाव्या हातानं फळ्यावर लिहायची तिला आता सवय झाली होती, पण अक्षर अजून पोरांच्या अक्षरासारखंच येई, आणि पोरं हसत. बाह्यांवर खडूची भुकटी होती. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि नणंदेला विचारलं, “काय झालं ताई?”

“तुमच्याकडे वर्ग शांत कसा करतात, मास्तरीणबाई? इथे दोन मुलं ऐकत नाहीत.”

थोरलीनं थोडक्यात सांगितलं. बायकोनं कापडावरची रांग पाहिली. “किती सुरेख लावल्यात,” ती म्हणाली, आणि मग तिला हसू आलं. ते तिनं ओठ चावून थांबवलं. बाबा मात्र हसले नाहीत.

“ताई,” धाकटा मध्येच म्हणाला, “एक उपाय आहे.”

“बोल.”

“जाड चकत्या डावीकडे घाल. मुद्दाम ढिलं बसव. मी एकटा खाली नेतो, त्याच वेगात, मोरीवरून. हादरला आणि हात आपोआप ओढले गेले, तर तेव्हाही तसंच झालं असेल.”



“आणि उजवीकडे ओढले गेले तर?” थोरलीनं विचारलं. “तिकडे चर नाही. तिकडे काहीच नाही.”

“हळू नेतो.”

“हळू नेलास तर हादरणारच नाही. मग काय कळलं तुला? माझ्या हातानं मी गाडी मुद्दाम बिघडवून देणार नाही. दुसरीकडून करून घे. कुणीही करून देईल असं वाटत नाही मला, पण विचारून बघ.”

“मग मी स्वतः बसवतो.”

“बसव की. पाना तुझाच आहे.” ती हात पुसत बाजूला झाली. मस्करी करत नव्हती.

धाकट्यानं रांगेच्या उजव्या टोकाच्या दोन चकत्या उचलल्या. बायको बाकाला टेकून उभी होती.

“बसवलंस तर मीही येणार,” ती म्हणाली.

“तू कशाला?”

“तेव्हा मी होते ना? मग तसंच करायचं तर मी हवी. माझी जागा रिकामी ठेवून तुला काय कळणार आहे?”

“वेडी आहेस का?”

“मी विचारणार होते तेच.” ती आवाज न चढवता बोलत होती. “मला बसायचंय त्या गाडीत. दूधवाला वाटेत प्रत्येक दाराशी थांबतो, आणि गाणं म्हणतो. शाळेची घंटा रोज चुकते माझी. तुझा हात चुकला की गाडी चुकली, मला माहीत नाही. पण मी बसणार आहे, तर घट्ट बसव.”

तो चकत्या हातात धरून उभा राहिला. मग त्यानं त्या परत रांगेत ठेवल्या. एक चुकून अलीकडे ठेवली गेली. बाबा उठले, त्यांनी ती पलीकडे सरकवली आणि पुन्हा बसले. या वेळी थोरलीला हसू आवरलं नाही.

त्यानंतर काम मुकाट्यानं झालं. नव्या वाट्या ठोकून बसवल्या. बेअरिंग ग्रीसमध्ये मळली. थोरली चकती सांगायची, “याहून एक पातळ,” आणि बाबा न बघता ती काढून द्यायचे. टोपी बसवली की बोल्ट आवळायचे, ताणकाट्याचा हूक अडकवायचा, ओढायचं. काटा कमी दाखवी तेव्हा टोपी पुन्हा काढून एक चकती कमी करायची. जास्त दाखवला तर परत वाढवायची. धाकट्याला एकदाच सगळं आवळून मोकळं व्हायचं होतं. थोरली त्याला होऊ देत नव्हती. डावी बाजू जमली तशी उजवीही जमली.

पाटे चढवताना पुन्हा तेच. नवे बुश बसले, यू-बोल्ट लागले, आणि धाकट्यानं पाट्याच्या टोकाच्या शॅकलच्या बोल्टवर लांब पाना टाकून सगळा जोर लावायला घेतला.

“थांब!” थोरली ओरडली. “गाडी हवेत आहे. हवेत आवळलंस तर रबर लोंबत्या पाट्याला चिकटून बसेल. चाकं जमिनीला लागली की पीळ पडेल, आणि महिन्याभरात बुश पुन्हा भुसा. आधी गाडी खाली उतरव, तिचं वजन तिच्यावर येऊ दे, मग आवळ. तू काय सगळं उभ्या उभ्याच उरकतोस का रे?”

“लग्नसुद्धा तसंच केलं त्यानं,” बायको म्हणाली.

चाकं चढवली, घोड्या काढल्या. गेंडा करकरत चाकांवर बसला. मग बोल्ट आवळले गेले.

सकाळी दूधवाला दाराशी येऊन गाणं म्हणत उभा राहिला आणि बायकोनं त्याला हातानंच जा म्हणून सांगितलं. बाबा दारात येऊन उभे राहिले. थोरली आदल्या संध्याकाळीच गेली होती. जाताना तिनं एवढंच बजावलं होतं की पहिल्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे.

बायको चढून बसली. डाव्या हातानं तिनं दारावरची मूठ धरली. धाकट्यानं ट्रक काढला.

सपाटीवर गेंडा सरळ चालला. स्टिअरिंग हाताला पूर्वीपेक्षा जड लागत होतं, सांधे नव्यानं आवळले होते म्हणून. उतार लागला. धाकट्यानं गिअर खाली घेतला.  एका वळणावर समोरून बस आली तेव्हा त्यानं गाडी नको इतकी कडेला घेतली. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर.

मोरी दिसली. त्यानं वेग कमी केला नाही. वाढवलाही नाही. पुढची चाकं लोखंडी पट्टीवर चढली आणि उतरली. स्टिअरिंगला एक बारीकसा धक्का बसला, कुठल्याही ट्रकला बसतो तेवढाच. फडफड झाली नाही. ट्रकला काहीच झालं नाही.

झालं ते त्याच्या हातांना. दोन्ही कोपरं ताठ झाली, खांदे कानांपर्यंत आले, आणि मुठींनी स्टिअरिंग डावीकडे ओढलं. डोंगराकडे, दरीपासून लांब. गेंडा चराच्या दिशेनं झुकला. त्यानं स्वतःच्या मुठी पाहिल्या, दुसऱ्याच्या पाहाव्यात तशा, आणि त्या सैल सोडल्या. स्टिअरिंग आपोआप मधोमध आलं. ट्रक सरळ पुढे गेला.

मोरीपलीकडे रस्ता जिथे रुंद होतो तिथे त्यानं गाडी थांबवली. इंजिन चालूच होतं.

“हे मी करतो,” तो म्हणाला.

“हो.” बायकोनं दारावरची मूठ सोडली. बोटं पांढरी पडली होती. “पण तेव्हा हादरत होता, हेही खरं. माझे दात वाजले होते.”

“हादरला नसता तर?”

“आज कुठे हादरला? तरी ओढलंस, आणि सोडलंसही.”

 मागून एक गाडी हॉर्न वाजवत निघून गेली. त्यानं आरशात पाहिलं, मग रस्त्याकडे, मग घड्याळाकडे. शाळेची घंटा व्हायला अजून अवकाश होता. तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला.

“परत वर जातो,” तो म्हणाला. “अजून एकदा उतरतो. तू इथेच उतर, झाडाखाली थांब. येताना घेतो.”

“मी उतरत नाही.”

“मग परत तेच झालं तर?”

“म्हणून तर. मागच्या वेळी मी रस्त्याकडे बघत होते, आत्ताही रस्त्याकडेच. या वेळी तुझ्या कोपरांकडे बघते. ताठ झाली की सांगते.” ती थोडी त्याच्या बाजूला सरकून बसली. “वळव. घंटा व्हायच्या आत दोन फेऱ्या होतील.”

त्यानं ट्रक वळवला.